पाणी मोजणारं कार्ड

बाबा गेल्यावर नवव्या दिवशी मी कामावर परत आले. लोकांना वाटत होतं मी निदान महिनाभर तरी येणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण घरी बसून करायचं काय? येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे, जणू गेलंय ते तिचंच कुणीतरी. आई शेवटी म्हणाली, "जा बाई तू. तुझ्याकडं बघून मलाच कसंतरी व्हायलंय." बाबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवला होता. तोवर चार दिवस काम करून येते म्हणाले आणि आदल्या दिवशी हिमायतनगरहून सकाळची गाडी धरली. नांदेडला उतरून लातूरची गाडी, तिथून पुढं उदगीरकडची. गाडीत खिडकीच्या जागेवरून एका माणसाशी कचाकचा भांडले. म्हणजे भांडण येत होतं. रडणं तेवढं येत नव्हतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून कंत्राटावर लागले होते. ऑर्डरवर 'तंत्रज्ञ' लिहिलेलं, घरात सगळे 'इंजिनिअर' म्हणायचे, आणि करायचे काय तर तीन तालुक्यांतले टँकर भरायचे पॉइंट सांभाळायचे. पॉइंट म्हणजे एक उंच टाकी, तिला मोठा व्हॉल्व्ह, खाली टँकर लावायची जागा आणि बाजूला पत्र्याची खोली. खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक क्लार्क. टँकर भरला की व्हॉल्व्हजवळच्या मीटरमधून किती पाणी गेलं ते कॉम्प्युटरमधलं एक कार्ड मोजायचं आणि प्रिंटरमधून चिठ्ठी निघायची. कुठल्या गावाला, किती लिटर, कितवी खेप. ही भानगड सुरू झाली कारण हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर टँकर भलत्याच ठिकाणी रिकामे होत होते. आता तसं नको म्हणून मशीन.

मी घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी विजेचा झटका बसून त्या कॉम्प्युटरची डिस्क जळाली. मी दवाखान्यात बाबांजवळ होते. क्लार्कनं फोनवर सांगितलं, मी हाव म्हणाले, आणि विसरले. मग तहसीलमधून दहा दिवसांची सवलत मिळाली, हाताच्या चिठ्ठीवर टँकर सोडा म्हणून. ती सवलत मी परत आले त्याच्या आदल्या दिवशी संपली. 'मशीनच्या चिठ्ठीशिवाय टँकर सोडल्यास कारवाई', असा कागद क्लार्कनं दारावर चिकटवून ठेवला होता आणि व्हॉल्व्हला कुलूप घातलं होतं. किल्ली त्याच्या करदोट्याला.

हा क्लार्क चांगला माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू. पन्नाशीचा, कंत्राटीच, डब्यातली अर्धी भाकरी रोज मला काढून द्यायचा. पण त्याच्या डोक्यात नवा जिल्हा बसलेला. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, वर्षानुवर्षं चाललेलं. आमच्या किनवटकडं पण तेच. बाबासुद्धा पेपर उघडला की आधी ती बातमी शोधायचे. क्लार्कचं म्हणणं, जिल्हा झाला की नवी ऑफिसं, नव्या ऑफिसांत नव्या जागा, आणि ज्याचं रेकॉर्ड तारीखवार चोख तो पहिला आत. म्हणून तो खेपांच्या नोंदीत एका तारखेचा घोळ चालू द्यायचा नाही. टँकर उशिरा का जाईना, नोंद त्याच दिवसाची पाहिजे.

सकाळी आठला मी नवी डिस्क बसवली. जुन्या बॅकअपवरून खेपांचा प्रोग्राम चालू करून दिला. राहिलं ते कार्ड. त्याचं जरा समजावून सांगते. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. मशीनमधल्या कार्डाशी बोलायचं तर त्या गाभ्यात एक छोटा प्रोग्राम घालावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. हा ड्रायव्हर ज्या कर्नलमध्ये घालायचा त्याच्याच मापानं बांधून घ्यावा लागतो. कापड एकाचं, माप दुसऱ्याचं, असं चालत नाही. नव्या डिस्कवर कर्नल नवा होता. ड्रायव्हरचा कोड मात्र जुना, आणि तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडलेली. त्यामुळं बांधायला घेतलं की चुकाच चुका.

पहिल्या फटक्यात अकरा निघाल्या. मला बरं वाटलं. खरंच. नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला असं काही सांगत होतं ज्याचं उत्तर होतं. अमुक ओळीत अमुक चुकलंय. मग मी ती ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा बांधायला सांगायचं. पावणेदहापर्यंत अकराची एक राहिली. कोड सगळा तयार झाला, पण शेवटी जोडताना मशीन म्हणे, यात एका फंक्शनला हाक मारलीय, ते मला कुठंच सापडत नाही. जुन्या कर्नलमध्ये ते होतं, नव्यात काढून टाकलेलं. हे काय अवघड नव्हतं. त्याच्या जागी दुसरं कोणतं वापरायचं ते शोधायचं, दोन ओळी बदलायच्या, झालं. पॉइंटवर इंटरनेट नव्हतं, मोबाइलची रेंज पण टाकीच्या जिन्यावर चढलं तरच. मी मोबाइल घेऊन जिन्यावर गेले.

तेवढ्यात आईचा फोन. "काय करून राहिलीस? जेवलीस का?" कार्यक्रमाला भन्तेजी किती वाजता येणार, औरंगाबादची आत्या येणार का, आचारी कुणाचा. मी हाव हाव करत होते. फोन ठेवून ते फंक्शन शोधलं आणि वीसेक मिनिटांनी खाली आले. तेवढ्या वेळात क्लार्क माझ्या खुर्चीवर बसून मशीनवर काहीतरी बडवत होता. मला बघून उठला. "बसा बसा. माझं झालं सध्यापुरतं."

त्याच वेळी टँकरवाले मामा आले. साठीचे, काटक, डोक्याला पंचा. पॉइंटवर सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पंधरा किलोमीटरवर त्यांची वस्ती, तिथंच त्यांच्या रोज दोन खेपा. टँकर आदल्या दिवशीपासून कोरडा उभा होता. ते दारात थांबले, चपला काढल्या, आणि म्हणाले, "ताई, आमची आत्या गेली सकाळी."

क्लार्क म्हणाला, "अरेरे."

"म्हातारी व्हती, तिचं काय न्हाई. पण वस्तीत पाणी न्हाई. कालपून घोटभर न्हाई कुणाच्या घरात. मयताला आंघोळ घालाया पाणी पाहिजे. लेकी निघाल्यात देगलूरहून, दुपारपर्यंत येतील. उन्हाचं जास्त वेळ ठिवता येत न्हाई."

क्लार्कनं दारावरच्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, "दहा मिनिटं थांबा मामा. एकच चूक राहिलीय."

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला काहीच वाटलं नाही. बाबांना आंघोळ घालताना शेजारच्या घरांतून एकेक घागर आलेली होती. आमच्याकडंही टंचाई काही कमी नव्हती. कुणीतरी घागरी मोजल्या, चौदा भरल्या. मी स्वतः बाबांच्या पायांवर पाणी ओतलं होतं. म्हणजे मामा काय सांगत होते ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? पण ते शब्द माझ्यापर्यंत आले आणि बाहेरच थांबले.

मी दोन ओळी बदलल्या. बांधायला सांगितलं. मशीन म्हणे, ते फंक्शन सापडत नाही.

तेच. नाव पण तेच, जुनं. मी म्हटलं, फाइल सेव्ह करायची राहिली असेल. बघितली. सेव्ह होती. माझ्या नव्या दोन ओळी समोर ढळढळीत दिसत होत्या. पुन्हा बांधायला सांगितलं. तेच. सरळ ते फंक्शनच काढून टाकलं, ज्या ओळीत त्याचं नाव होतं ती ओळच उडवली. तरी मशीन म्हणे, तुम्ही त्याला हाक मारलीय, ते सापडत नाही. अगं बाई, कुठं मारलीय हाक? अख्ख्या कोडात त्याचं नाव नाही आता! डोकं फिरायची वेळ आली.

मामा साडेदहाला पुन्हा आत आले. "ताई, पल्याड डाळ मिलच्या बोअरवर एकेक बॅरल दिऊन राहिले म्हणं. नंबर लावला की तासाभरात मिळतंय. जाऊ का तिकडं, का हितंच थांबू?"

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. "थांबा मामा. दहाच मिनिटं. होतंय."

ते थांबले. इंजिनिअर पोरगी होतंय म्हणतीय म्हणजे होतंय, असा त्यांचा हिशोब. बाहेर टँकरच्या सावलीत जाऊन बसले.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी जे जे सुचेल ते करत होते. दुसऱ्या फाइलमध्ये त्या नावाचा पत्ता लागतो का बघितलं. कर्नलची सेटिंगं तपासली. जिन्यावर चारदा चढून आले, पत्र्यावरून पाय भाजत. दर वेळी बांधायला सांगितलं की स्क्रीनवर आधी दोन-तीन ओळी इशाऱ्याच्या यायच्या आणि शेवटी ती चूक. इशारे मी वाचत नव्हते. जुना कोड बांधताना इशारे ढिगानं येतात. हे जुनं झालंय, ते वापरू नका, असं काहीबाही. आम्ही ते वाचत नाही. चूक असेल तर मशीन थांबतं, इशाऱ्यानं थांबत नाही. म्हणून चूक तेवढी वाचायची. कॉलेजात पण आम्ही असंच शिकलो होतो, म्हणजे कुणी शिकवलं नव्हतं, सगळे तसंच करायचे.

क्लार्कनं मधेच विचारलं, "तहसीलला फोन लावू का? एका चिठ्ठीपुरती परवानगी मागू. मयताचं काम हाय म्हणून."

"लावा की," मी म्हणाले. पण त्याला रेंज मिळेना, आणि त्याला जिन्यावर चढवत नव्हतं, गुडघे गेलेले. मोबाइल माझ्या हातात होता. मी चार वेळा त्या जिन्यावर चढले, चारही वेळा ते फंक्शन शोधायला. तहसीलला एक फोन मला लावता आला असता. एक. सुचलंच नाही असंही म्हणता येत नाही, कारण क्लार्कनं सांगितलं होतं. मी हाव म्हणाले आणि नाही केला. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हाव म्हणत होते.

साडेबाराला मामांचा मोबाइल वाजला. लेकी वस्तीवर पोचल्या होत्या. बाईमाणसांच्या रडण्याचा आवाज मोबाइलमधून खोलीत येत होता. मामा त्यात ओरडून म्हणाले, "येऊन राहिलो, येऊन राहिलो. पाणी घेऊनच येतो." आता डाळ मिलवर जायलाही उशीर झाला होता. तिथं शंभराच्या वर बॅरलं लागलेली, असं दुसरा एक टँकरवाला सांगत आला.

दीडच्या सुमाराला मी हात टेकले. काय करावं कळेना म्हणून फाइल उघडली आणि कोडच्या मधोमध, कशाचा कशाला संबंध नसताना, इंग्रजी अक्षरांत 'बाबा' असं टाइप केलं. का केलं माहीत नाही. बोटांनी केलं. असा एखादा शब्द कोडमध्ये घुसला की मशीननं बोंब मारलीच पाहिजे. ही ओळ काय आहे, मला समजत नाही, म्हणून जागेवर थांबलं पाहिजे. मी बांधायला सांगितलं.

मशीन थांबलं नाही. 'बाबा' या शब्दाबद्दल त्याची काहीही तक्रार नव्हती. शेवटी तीच चूक, तेच जुनं फंक्शन.

म्हणजे मशीन माझी फाइल बघतच नव्हतं. सकाळपासून मी जे बदलत होते त्यातलं काहीच त्यानं वाचलं नव्हतं. पावणेदहाला जे बांधलं होतं तेच पुन्हा पुन्हा जोडायला जात होतं.

मग मी वरच्या दोन ओळी वाचल्या. इशाऱ्याच्या. लिहिलं होतं, या फाइलची वेळ भविष्यातली आहे. खाली अजून एक, घड्याळात तफावत दिसते, बांधणी अपुरी असू शकते. सकाळी सव्वादहापासून दर वेळी मशीन हेच सांगत होतं.

मी मशीनला तारीख विचारली. अकरा दिवसांपूर्वीची निघाली.

"अण्णा," मी क्लार्कला म्हणाले, "तारीख कुणी बदलली?"

तो भाकरी सोडत होता. हात तसाच राहिला. "मी. म्हंजी, खेपा टाकायच्या व्हत्या की दहा दिवसांच्या. प्रोग्राम मशीनचीच तारीख घेतो, मागची टाकू देत न्हाई. आम्ही असंच करतो दरवेळी. आधी तारीख मागं घ्यायची, त्या दिवसाच्या खेपा टाकायच्या, मग दुसरा दिवस. तुम्ही आलात म्हणून उठलो, तारीख पुढं करायची राहिली. का? काय झालं?"

काय झालं ते त्याला काय सांगू? बांधायचा प्रोग्राम फक्त वेळ बघतो. बांधलेला माल कोडपेक्षा नवा असेल तर तो म्हणतो, माल ताजा आहे, पुन्हा बांधायची गरज नाही. माझा माल सकाळी पावणेदहाचा, आजचा. आणि त्यानंतर मी केलेला प्रत्येक बदल अकरा दिवसांपूर्वीचा. मशीनच्या हिशोबानं मी जुनाच कोड पुन्हा पुन्हा सेव्ह करत होते.

ती तारीख मला चांगली माहीत होती. त्या दिवशी बाबा होते. सकाळी त्यांनी दवाखान्यात चहा मागून घेतला होता, अर्धा कप, आणि साखर कमी आहे म्हणून माझ्यावर चिडले होते. सकाळपासून मी त्याच तारखेत बसून काम करत होते आणि मला पत्ता नव्हता. मी आजची तारीख घातली. घालायला एक सेकंद लागतो. मग 'बाबा' हा शब्द खोडला, जुना सगळा माल पुसून टाकला आणि पहिल्यापासून बांधायला सांगितलं. चाळीस सेकंदांत ड्रायव्हर तयार झाला. एकही चूक नाही.

क्लार्क पळत जाऊन व्हॉल्व्ह उघडून आला. मामांनी टँकर लावला. कार्ड मोजायला लागलं, स्क्रीनवर आकडे सरकायला लागले, प्रिंटरनं चिठ्ठी सोडली. दोन वाजून दहा मिनिटांनी टँकर फाटकातून बाहेर पडला. क्लार्क मला म्हणाला, "शाब्बास. मी तर आशाच सोडली व्हती." मी उरलेले टँकर भरून दिले. चांगलं काम झालं, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पहिल्या खेपेला आले. डोक्यावर पंचा नव्हता. मी विचारलं, "मामा, वेळेवर पोचलात ना?"

"न्हाई," ते म्हणाले. "दोन वाजताच नेलं. थांबण्यासारखं ऊन न्हवतं, आन् मयत... जाऊ द्या. देगलूरच्या लेकींकडं प्रवासातल्या दोन बाटल्या व्हत्या. त्यातल्या पाण्यानं तोंड पुसलं, हातपाय पुसले. आत्या रोज दोनदा आंघोळ करणारी बाई. दुष्काळात बी एक तांब्या का व्हईना घ्यायची. तशीच गेली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचा काय दोष ताई त्यात. मशीनच तसली."

मी गप्प बसले असते तर ते तिथंच मिटलं असतं. क्लार्क मागून डोळ्यांनी खुणावत पण होता, बोलू नका म्हणून. पण त्यांनी ते मशीनवर ढकललं आणि नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं, आणि ते दुःख नव्हतं, शरम होती. मी म्हणाले, "मशीन तसलं नव्हतं मामा. ते सकाळी सव्वादहापासून सांगत होतं काय चुकलंय. मी वाचलं नाही. वाचलं असतं तर अकराला तुमचा टँकर भरला असता. तहसीलला फोन लावायचा होता, तो पण मी लावला नाही."

ते ऐकत उभे राहिले. टँकर भरत होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजी साडेदहाला बॅरल आणाया गेलो असतो, तरी बाराला पाणी घरी असतं."

"हाव," मी म्हणाले.

"तुम्ही थांबा म्हणालात."

"हाव."

चिठ्ठी निघाली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि टँकर सुरू केला. फाटकातून बाहेर पडताना नेहमी हॉर्न द्यायचे, तो दिला नाही. मी खोलीच्या मागं गेले, टाकीच्या भिंतीला टेकून खाली बसले आणि मला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून रडले. क्लार्कला वाटलं बाबांसाठी रडतीय. तो लांबूनच म्हणाला, रडून घ्या, बरं वाटल. मला काही बरं वाटलं नाही.

पाऊस लागेपर्यंत मामा रोज दोन खेपांना यायचे. कधी वाकडं बोलले नाहीत. कार्यक्रम झाला का, आई कशी आहे, सगळं विचारायचे. फक्त त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायला लागले.